धुतलेला आवाज

३ मार्च, सोमवार

धाकटे,

म्हणजे हेही माझ्याच माथी! आईचं दुखणं मी काढायचं, तिच्या चादरी मी बदलायच्या, तिची किरकिर मी ऐकायची, आणि आता ती वीस वर्षांपूर्वी काय बोलून गेली त्याचा जाबही मीच द्यायचा. इतक्या वर्षांनी तुझं पत्र आलं म्हणून मी हात पुसले, खुर्ची ओढली, चष्मा शोधला. आणि आत काय, तर तीन ओळी. "आईने मला जिवंतपणी मारलं ते टाइप करून पाठवलंस. समाधान झालं असेल. माझी हरकत आहे, तेवढं कापायला सांग." वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. अगं, वीज तोडायची नोटीस येते ना, तिच्यातसुद्धा आधी "माननीय ग्राहक" म्हणतात.

आता नीट वाच. ते कागद मी पाठवलेले नाहीत. ग्रंथालयानं पाठवलेत. डब्यांचा कारखाना बंद पडून जमाना झाला, तिथे आता गोदामं आहेत, पण ग्रंथालयाला म्हणे त्याचा इतिहास हवाय. वरच्या मजल्यावर एक खोली केलीय. भिंतीवर जुने फोटो, पत्रा कापायची ती मोठी कात्री, आणि बटण दाबलं की कारखान्यातल्या बायांचे आवाज. एक मास्तर होते, टेपरेकॉर्डर घेऊन घरोघर फिरायचे, "बोला बाई, तुमचं आयुष्य सांगा" म्हणून. तू गेल्यानंतरची गोष्ट ही, तुला माहीत असायचं कारण नाही. आपल्याकडेही आले होते. आईपुढे टेबलावर यंत्र ठेवलं आणि आई अख्खी दुपार बोलली. मी आत चहा करत होते. मास्तर वारले, त्यांच्या कॅसेटी ग्रंथालयात गेल्या, कुणीतरी बसून त्या ऐकल्या आणि टाइप केल्या. आता खोली उघडायच्या आधी घरच्यांना विचारताहेत, तुमची काही हरकत आहे का. हरकत असेल तर तेवढा तुकडा कापतात. तुझा पत्ता मागितला, मी दिला. मामेभावाकडून मिळवला होता कधीतरी. एवढाच माझा गुन्हा.

बाकी आई बोलली ते बोलली. "धाकटीचं नाव काढू नका माझ्यापुढे. मेली ती मला." हे काय मी तिच्या तोंडात घातलं? तू घर सोडून गेलीस ती तुझ्या पायांनी गेलीस. कुणी ढकललं नव्हतं.

आणि त्याच पानावर, तुझ्या खालीच, माझ्याबद्दल काय आहे तेही तू वाचलं असशील. "मोठी मला फार जपते. एका शब्दाने दुखवत नाही." मला वाचायला वेळ लागतो, चौथीतून उठवलेली मी. पण ती ओळ मी स्वतः बोट ठेवून वाचली. मग शेजारणीकडून वाचून घेतली. मग तो कागद धुलाईखान्यात नेला आणि चादरींच्या घड्या घालणाऱ्या सगळ्या बायांना दाखवला. हो, दाखवला. का नाही दाखवणार? आईच्या तोंडून चांगला शब्द म्हणजे आपल्या घरात काय दुर्मिळ चीज होती, ते तुला माहीत आहे. आमची मुकादमीण तर परवापासून मला "आईची लाडकी" म्हणून हाक मारते.

तुला झोंबलंय ते हे. तुझं मरण नाही झोंबलं, माझं कौतुक झोंबलं.

शनिवारी मी स्वतः ऐकायला जाणार आहे. कागदावरचं वेगळं, तिच्या तोंडचं वेगळं. तू तोवर ती हरकत मागे घे. गावाला ऐकू दे तिचा आवाज. फोन केला असता, पण तो तू उचलत नाहीस, म्हणून हा खटाटोप. पत्र्याच्या कारखान्यातल्या बाईची पोर मी, पत्र लिहायला बसले की मलाच कापतं. शुद्धलेखन काढत बसू नकोस.

मोठी

८ मार्च, शनिवार

धाकटे,

जाऊन आले.

खोली बरी आहे. रंगाचा वास येतो अजून. तिथे एक पोरगी कामाला आहे, गळ्यात सदा ते गाणी ऐकायचं कानाचं यंत्र अडकवलेलं, मी तिचं नाव कानवाली ठेवलंय. चांगली आहे, पण बोलते इतकं हळू की वाटतं आपल्यालाच झोपवतेय. मला म्हणाली, "मावशी, इथे बसा." मी म्हटलं, "मावशी तुझी आई. मला ताई म्हण." ती म्हणाली, "आई मावशी कशी असेल?" मी म्हटलं, "वाद घालू नकोस, लाव."

लावलं. आणि आईनं एकदम कानातच ओरडायला सुरुवात केली. प्रेसघरात, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या त्या गोंगाटात राबलेल्या कुठल्याच बाईला हळू बोलता यायचं नाही, आपण विसरलो होतो ते. तिनं नुसतं "अगं, ऐकलंस का" म्हटलं, मास्तरांना चहा सांगायला, आणि मी "आले, आले!" म्हणत उठून उभीच राहिले. कानांना तारा, तारांना यंत्र, यंत्र टेबलावरून खाली पडता पडता कानवालीनं धरलं. हसली नाही. हे तिचं चांगलं.

मग आई कारखान्याचं सांगत होती. "साहेब म्हणजे देवमाणूस होता हो. आम्हाला लेकीसारखं वागवायचा. प्रेसवर कधी कुणाला लागलं नाही." तिथे भिंतीवर तेच वाक्य हे एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलंय, खाली "एका कामगार महिलेच्या शब्दांत." मी ते वाचलं आणि मला आईचं मधलं बोट आठवलं, पेरापासून गेलेलं. तू लहानपणी त्याला "अर्धा भाऊ" म्हणायचीस.

मग तुझं आलं. मग माझं आलं. ते ऐकलं आणि यंत्र कानावरून काढून ठेवलं. पुढचं नाही ऐकलं.

कानवालीनं विचारलं, "ताई, मधे मधे टेबलावर काहीतरी वाजतं. त्याला काही अर्थ आहे का? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मी म्हटलं, "कसला अर्थ? चाळा होता म्हातारीला."

मग ती म्हणाली की तसले आवाज काढून टाकता येतात. सगळ्याच कॅसेटी तशा साफ करायच्या आहेत, पंखा, कुत्रं, खोकला, सगळं जातं आणि माणसाचा आवाज धुतल्यासारखा वर येतो. मी म्हटलं, धू. धुणं माझा धंदाच आहे. डाग दिसला की माझा हात आधी जातो, कशाचा आहे ते मी नंतर विचारते.

तर ते झालं.

तिथून दुपारच्या पाळीला गेले. एक अभ्रा जाळला. इस्त्री त्याच्यावर ठेवली आणि बघतच राहिले, धूर निघाला तरी. मुकादमीण म्हणाली, "काय गं आईची लाडकी, कुणाचा राग आहे त्या उशीवर?" बाया हसल्या. मीही हसले.

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस. मागच्या पत्रात मी हरकत मागे घे म्हटलं होतं ते सोडून दे. ठेव हरकत. कापू दे तो तुकडा. कशाला चार लोकांत आपलं घर उघडं करायचं? तू तिकडे, मी इकडे, आई वर. ज्याचं त्याला बरं चाललंय.

एक विचारते. साखरेचा डबा आठवतो का तुला? शेजारीण वाटी घेऊन यायची, तेव्हाचा? सहज विचारलं. नसेल आठवत तर सोड.

मोठी

१३ मार्च, गुरुवार

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "साखरेचा डबा आठवतो. त्याचं काय?" बाकी कार्ड कोरं. कागद वाया घालवायला तुझ्याकडून शिकावं.

त्याचं काय ते सांगते. पण आधी झाकणवाली मावशीचं सांगू दे, नाहीतर मला जमायचं नाही.

झाकणवाली मावशी आहे अजून. आईच्या शेजारच्या प्रेसवर डब्यांची झाकणं कापायची ती. कान केव्हाचे गेलेत, आता नुसती ओठ बघते. मंगळवारी काठी टेकत दारात उभी. "तुझ्या आईचा आवाज आलाय म्हणे. मला ने."

मी तिच्या तोंडासमोर तोंड धरून म्हटलं, "तुला काय ऐकू येणार, दगड?"

"मला शिकवू नकोस. चप्पल घाल."

नेली. कानवालीनं आईचा धुतलेला आवाज लावला, स्पीकरच्या मोठ्या पेटीवर. मावशीनं पेटीच्या जाळीवर दोन्ही पंजे पसरून ठेवले आणि डोळे मिटले. आई म्हणत होती, साहेब देवमाणूस होता. मावशीच्या कपाळाला आठ्या. आई म्हणाली, प्रेसवर कधी कुणाला लागलं नाही. मावशीनं हात काढून घेतले.

"ही ती नव्हे," म्हणाली. म्हणाली म्हणजे ओरडली. खालच्या मजल्यावर पेपर वाचणारे वर बघायला आले असतील.

"अगं तीच आहे!"

"तोंड हलवतेय नुसतं. बोलत नाहीय. बोलणं कुठे गेलं हिचं?"

कानवालीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग त्या पोरीनं काही न विचारता कपाटातून मूळची कॅसेट काढली, न धुतलेली, आणि ती लावली. मावशीनं पुन्हा पंजे टेकले.

"साहेब म्हणजे देवमाणूस होता हो." टक टक.

मावशी खदखदा हसली.

"आम्हाला लेकीसारखं वागवायचा." टक टक.

"प्रेसवर कधी कुणाला लागलं नाही." टक टक.

मावशी इतकी हसली की काठी पडली. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि ही पेटीला थोपटतेय. "आता बोलली! आता बोलली माझी बाई!" मग कानवालीला जवळ ओढून म्हणाली, "दोनदा वाजलं की उलटं धरायचं, पोरी. तोंडानं म्हटलं त्याच्या उलटं."

तुला हे सांगायला नको. पण कानवालीला सगळं सांगावं लागलं, आणि ते मावशीनं सांगितलं, मी नाही. प्रेसघरात कानाचा उपयोग नव्हता. ओठांवर बोलायचं, तर मुकादमही ओठ वाचायला शिकलेला. म्हणून बाया तोंडानं त्याची आरती करायच्या आणि कामाच्या लांब टेबलावर पेरानं दोनदा ठोकायच्या. ऐकू कुणालाच यायचं नाही. पण पुढच्या बाईचा पंजा टेबलावर असायचा, तिला ते हाताला लागायचं. मुकादमाला कधी कळलं नाही, कारण तो टेबलाला हात लावायचा नाही. हात काळे होतील म्हणून.

आणि तेच आईनं घरी आणलं. शेजारीण वाटी घेऊन आली की "साखर कालच संपली बघ," आणि दाराच्या चौकटीवर टक टक. की तू धावत जाऊन डबा पलंगाखाली. आठवतं ना, एकदा तू तिच्या देखतच विचारलंस, "आई, तू टक टक केलंस का? मला एकच ऐकू आली." ती शेजारीण परत कधी आपल्याकडे वाटी घेऊन आली नाही.

मास्तरांपुढे आईनं असं का करावं, असं कानवालीनं विचारलं. मी म्हटलं, मास्तर म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरचा मेहुणा, त्याच्यापुढे खरं कोण बोलणार? ती डोक्याला हात लावून बसली. आता ती वेडीपिशी झालीय. सगळ्या कॅसेटी काढल्यात, धुतलेल्या बाजूला आणि मूळच्या समोर, आणि पेटीला हात लावून ऐकतेय. म्हणते, आणखीही बायांच्या बोलण्यात सापडतंय. भिंतीवरचं ते मोठं वाक्य पुसायला रंगारी येणार आहे. "ताई," म्हणाली, "आपण गावाचा सगळा इतिहास उलटा टांगला असता."

आपण म्हणाली. "मला चाळा म्हणून का सांगितलंत," हे तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. नाही विचारलं. मला चहा आणून दिला.

आता तुझं. "धाकटीचं नाव काढू नका माझ्यापुढे. मेली ती मला." त्याच्यामागे टक टक आहे. स्पष्ट. दोन. मावशीच्या हाताला लागलं, कानवालीनं ऐकलं, आणि मी तर आधीच्या शनिवारीच ऐकलं होतं, पहिल्याच फेरीत. ऐकलं, ओळखलं, आणि चाळा म्हणाले. झालं लिहून.

तिला तू मेली नव्हतीस.

तर हरकत मागे घे. तुझं वाक्य कापलं तर त्याच्यामागचं ठोकणंही जाईल, आणि मग राहील तो टाइप केलेला कागद, जो तुझ्याकडे आहे आणि जो खोटा आहे. मी आधी काय काय लिहिलं ते विसर. एकदा घे म्हणते, एकदा ठेव म्हणते, तुला वाटेल हिचं डोकं फिरलंय. चाळा का म्हणाले, ते आज लिहीत नाही. हात दुखतोय.

मोठी

१९ मार्च, बुधवार

धाकटे,

यावेळी पान भरून लिहिलंस. वर "ताई" लिहिलंस. बघितलं मी ते.

तू म्हणतेस, कानानं ऐकल्याशिवाय तुझा विश्वास बसायचा नाही, आणि हरकत तोवर राहील. रास्त आहे. मीही अशीच आहे, आपण एकाच भट्टीतल्या. आणि तू विचारतेस, ताई, तू का लपवलंस? मी मेले नव्हते हे कळल्यानं तुझं काय जाणार होतं?

तुझ्या वाक्यानं माझं काहीच जाणार नव्हतं. तू पुढची ओळ वाच ना. तुझ्या खाली कोण आहे?

"मोठी मला फार जपते. एका शब्दाने दुखवत नाही." टक टक.

हे लिहायला मला तीन पत्रं लागली.

मी बराच विचार केला, मला जमतो तेवढा. साहेबाबद्दल ती उलटं बोलली ती मास्तरांमुळे, हे कुणालाही कळेल. पण तुझ्या-माझ्याबद्दल मास्तरांना काय घेणं होतं? तिथे कुणाची भीती होती तिला? घरात चौथं माणूस नव्हतं. आई, मास्तर आणि भिंतीपलीकडे मी. तिचं तोंडाचं मला आत ऐकू येत होतं, टेबलावरचं येत नव्हतं. तुझं नाव निघालं की मी भांडी आदळते हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं तुला मोठ्यानं मारून टाकलं. आणि मी खूश राहावं म्हणून मला मोठ्यानं चढवलं. मुकादम ऐकतोय म्हटल्यावर बाया बोलायच्या, तसं. कारखाना सुटला तिचा, पण मुकादम सुटला नाही. तो घरीच होता. तो मी होते.

तिला कुशीवर वळवताना मी चादर खालून एका झटक्यात ओढायचे. धुलाईखान्यात आम्ही तशीच ओढतो, पटकन होतं. ती काही म्हणायची नाही. पलंगाच्या कडेवर बोटं वाजायची तिची. मला वाटायचं, म्हातारीचा हात थरथरतोय.

कागद ज्यांना दाखवला त्या बायांसमोर रोज उभी राहते मी. "आईची लाडकी, तो गठ्ठा इकडे दे." देते. एकदा तोंडाशी आलं होतं सांगायचं, पण शब्द कुठला वापरायचा तेच सुचेना. कागद खोटा नाही. आई खोटी नाही. मग खोटं कोण, हे सांगत बसावं लागलं असतं. वर त्या शनिवारी मी ते पुन्हा केलं. आईचं तोंड तिच्या मागे, यंत्रानं, धुऊन बंद केलं. तेही कुणाकडून? ज्या पोरीला मी ताई म्हणायला लावलं, तिच्याकडून.

एक गोष्ट मात्र मला कळेना, आणि ती तुझ्या कामाची आहे. ठोकलं कुणासाठी? मास्तरांना ती भाषा येत नव्हती. मला ऐकू येत नव्हतं. टेबलावर तिसरा पंजा नव्हता. होतं फक्त ते यंत्र. म्हणजे पुढेमागे कधी जो ते ऐकेल त्याच्यासाठी. घरातली ती भाषा कळणारं आणि घरात नसलेलं, असं माणूस एकच होतं. कुठे राहतं तेसुद्धा तिला माहीत नव्हतं, तरी ती त्याला सांगत होती.

आता शेवटचं. हे तुझ्या कागदात नाही. माझ्या ओळीनंतर टाइप करणाऱ्यानं नुसतं "अस्पष्ट" लिहून ठेवलंय. पहिल्या शनिवारी मी तिथवर पोचलेच नव्हते. गेल्या आठवड्यात कानवालीनं ते मला ऐकवलं. दार करकरतं. आई म्हणते, "पण काही म्हणा, मोठीवर माझा जीव आहे."

मग टक.

एक. आणि लगेच खण्ण. तो खण्ण मी आहे. चहाचा ट्रे. मी दार ढकलून आत आले आणि ट्रे टेबलावर आपटला. मला कुठलीच वस्तू ठेवता येत नाही, आपटताच येते, तुला माहीत आहे. त्या खण्णच्या पोटात दुसरी टक आहे की नाही, ते काही केल्या कळत नाही. कानवालीनं यंत्रावर तो आवाज ताणून पाहिला, पडद्यावर रेघा दिसतात, पण रेघांवर रेघा. मावशीनं हात लावून पाहिला. तिला एकच मोठा धक्का लागतो. म्हणाली, "तुझा ट्रेच मोठा, बाई. तिला मधे बोलूच दिलं नाहीस."

एकदा वाजलं तर ते काहीच नाही. हात टेकला असेल नुसता, यंत्र सरकवलं असेल. मग ते वाक्य आहे तसं धरायचं. आणि दोनदा असेल तर उलटं.

मी ते किती वेळा ऐकलं ते विचारू नकोस. कामावरून सुटले की जाते. कानवाली आता नुसती खुर्ची पुढे करते. कधी मला एक ऐकू येते, कधी दोन. ज्या दिवशी कुणावर तरी खेकसून गेलेली असते, त्या दिवशी हमखास दोन येतात. म्हणजे माझा कान काही कामाचा नाही. तुझा आहे. डबा पलंगाखाली सरकवायचीस तेव्हापासून तुझा कान तिच्या बोटावर होता, आणि तो ट्रे तू आपटलेला नाहीस.

या पाकिटात एक छोटी काडी आहे, संगणकाला खोचायची. कानवालीनं भरून दिलीय. न धुतलेलं आहे, पंख्यासकट. दार बंद करून ऐक. पेटीला हात लावून ऐक. यायचं नसेल तर येऊ नकोस, मी बोलावत नाही. मला तुझी आठवण वगैरे काही येत नाही. (हे लिहिताना टेबलावर काय केलं ते पत्रात येत नाही, म्हणून सांगून ठेवते.)

मला बरं वाटावं म्हणून "एक" लिहू नकोस. तसं केलंस तर मला कळेल, आणि मग आपलं खरंच संपलं. राग काढायला "दोन" लिहू नकोस. जे ऐकू येईल ते.

आणि हरकतीचं. तुझं वाक्य, माझी ओळ आणि तो ट्रे, सगळं एका दमातलं आहे. कानवाली म्हणते, कापायचं झालं तर सगळंच कापावं लागेल. तू हरकत ठेवलीस तर मी सुटले. तीस तारखेला खोली उघडेल, प्रेसघरातल्या उरलेल्या म्हाताऱ्या येतील, पेटीवर पंजे ठेवतील, आणि माझ्याबद्दल त्यांना काही कळणार नाही. कागद आहेच माझ्याकडे, जपते मला म्हणणारा. म्हणून सांगते, हरकत मागे घे. पेटीशेजारी मी उभी राहीन. बघतील तर बघतील माझ्याकडे.

शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, ग्रंथालय बंद व्हायच्या आत हरकतीचं कानवालीला कळव. आणि त्याच दिवसापर्यंत मला लिही. पान भरायची गरज नाही, तुझं ते कोरं कार्डही चालेल. एकच शब्द हवाय.

एक की दोन?

ताई